"झालं सगळं!" पण खरंच झालंय का, हे मुलांना स्वतःला कसं कळावं?

कुर्टीकर

नमस्कार मंडळी. धागा पालकांसाठी काढतोय, पण शिकवणारे आणि स्वतः शिकणारे लिहितील तर जास्त बरं.

मुलगी नववीत आहे, फोंड्यातल्याच शाळेत. तिला 'अभ्यासाला बस' म्हणावं लागत नाही. मोबाईल स्वतःहून आईकडे देते, पुस्तकात तीन रंगांनी रेघा मारते आणि रात्री पुस्तक मिटून म्हणते, "झालं सगळं." मग युनिट टेस्टचे पेपर मिळतात आणि तोंड उतरतं.

मार्क कमी पडतात ही माझी तक्रार नाही. मला कोडं पडलंय ते वेगळंच. आदल्या रात्री तिला मनापासून वाटत असतं की सगळं येतंय. ती थाप मारत नाही. पेपर लिहून आल्यावरही "चांगला गेला" म्हणते, आणि तेही तिला खरंच वाटत असतं. तपासलेला पेपर हातात पडेपर्यंत आपल्याला काय येत नाही याचा तिला पत्ताच नसतो.

घरच्या सगळ्यांचा सल्ला एकच: ट्यूशन लाव. ट्यूशनचे सर तिला काय येत नाही ते बरोबर शोधून काढतील, मान्य. पण मग ते शोधून द्यायला तिला कायम कोणीतरी लागणार. बारावीपर्यंत सर मिळतील, पुढे? तर अभ्यास चालू असतानाच 'हे आलं, हे नाही आलं' हे मुलांचं त्यांना ओळखता यावं म्हणून कोणी काही केलंय का?

अबोली_म्हापसा

आमच्या घरी हाच संवाद. मुलगा आठवीत, आणि तो कोकणीत सांगतो, "पोर्शन जालो!" वाचतेय.

साखळीचे_मास्तर

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गोवा मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव ज्या मराठी शाळा उघडल्या, त्यांतल्याच एकीत शिकलो आणि पुढे तशाच शाळांत शिकवलं. कुर्टीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या वेळी वर्गातच मिळायचं. "म्हणून दाखव." पाढा असो, कविता असो, इतिहासातलं उत्तर असो. उभं राहून म्हणताना अडखळला की मास्तरांना कळायचं, पोरालाही कळायचं आणि मागच्या बाकावरच्यालाही कळायचं. आता म्हणून दाखवणं गेलं. पाठांतर म्हणजे जणू पाप. मग 'झालं' म्हणजे काय झालं? वाचून झालं.

पात्रांव

मास्तर, तुमच्या वेळी छडीपण होती, ती सांगायची राहिली. :)

वाळवंटी_काठ

मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली एक लेख लिहिला. 'मेटाकॉग्निशन' म्हणजे आपल्याच विचारांवर नजर ठेवणं, हा विषय त्या लेखामुळे सगळीकडे पोचला. त्यात त्याने मुलांवरचा एक साधा प्रयोग सांगितलाय. मुलांना लक्षात ठेवायला काही गोष्टी दिल्या आणि म्हटलं, हवा तेवढा वेळ घ्या, सगळं पक्कं झालं अशी खात्री पटली की सांगा. मोठी मुलं थोडा वेळ घ्यायची, "झालं" म्हणायची, आणि बहुधा झालेलं असायचं. धाकटी मुलंही थोडा वेळ घ्यायची, "झालं" म्हणायची, आणि बहुधा झालेलं नसायचं. कुर्टीकर, तुमचं शीर्षकच की हे!

आता तुम्ही म्हणाल, माझी मुलगी काही बालवाडीत नाही. बरोबर. पण तिथे नुसती यादी आठवायची होती. धड्याच्या बाबतीत मोठी माणसंसुद्धा फसतात, कारण 'येतंय' असं वाटायला जी खूण आपण धरतो तीच चुकीची असते. तिसऱ्यांदा वाचताना धडा सरसर वाचला जातो, वाक्यं ओळखीची वाटतात, आणि त्या ओळखीलाच आपण 'येणं' समजतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळच्या बैठकीत नुसता वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत पुढेच आहे. 'आठवड्यानंतर किती आठवेल?' असं त्यांनाच आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री नुसतं वाचणाऱ्यांना होती.

म्हणजे तुमच्या मुलीला रात्री साडेनऊला जे वाटतं ते त्या क्षणापुरतं खरंच असतं. फक्त ते मोजायची वेळ चुकलेली असते.

मग वेळ कोणती? नेल्सन आणि डन्लॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवलं की शिकल्या शिकल्या 'हे मला येईल का' असा अंदाज बांधला तर तो फारसा जुळत नाही. तोच अंदाज थोडा वेळ जाऊ देऊन बांधला तर कितीतरी जास्त जुळतो. कारण लगेच बघितलं तर गोष्ट अजून डोक्यात ताजीच असते, आठवावी लागतच नाही. तेव्हा पहिला उपाय, बिनखर्चाचा: 'झालं' हा शब्द पुस्तक मिटताना उच्चारायचाच नाही. जेवून या, भांडी आवरा, दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये बसा, आणि मग कागदावर त्या धड्याचे पाच महत्त्वाचे शब्द लिहा. पुस्तक न बघता. असा पाच शब्दांचाही प्रयोग झालाय, थीडे आणि सहकाऱ्यांचा, २००३ मध्ये. वाचल्यावर काही वेळाने शब्द लिहिणाऱ्यांना आपल्याला कोणता उतारा कळला आणि कोणता नाही हे जास्त अचूक सांगता आलं. मग परत काय वाचायचं याची निवडही नेमकी झाली.

मास्तर, 'म्हणून दाखव'वर मी अर्धी तुमच्या बाजूची आहे. उरलेल्या अर्ध्याचं नंतर लिहिते, घरी पाहुणे आलेत.

पात्रांव

हे सगळे प्रयोग तिकडच्या कॉलेजातल्या पोरांवरचे. इथलं गणित वेगळं आहे हो. पेपरात प्रश्न येतात ते धड्याखालचेच, उत्तरं लिहायची ती वहीतलीच. शब्द बदलला की अर्धा मार्क जातो. पोरगी घोकते कारण घोकण्याला मार्क मिळतात. पोरं अडाणी नाहीत, त्यांना बाजार कळतो.

कुर्टीकर

पात्रांव, तुमचा मुद्दा मला आधी पटला होता, पण पेपर काढून बघितले. तिचे मार्क गेलेत ते वहीतल्या प्रश्नांतसुद्धा गेलेत. 'कारण द्या'मध्ये कारण पाठ आहे, पण भलत्याच विधानाला जोडलंय. घोकलेलं घोकल्यासारखं तरी यावं ना?

म्हादईकाठची_टीचर

सत्तरी तालुक्यात हायस्कूलला शिकवते, पाचवी ते सातवी. वाळवंटीताईंनी जे लिहिलं ते माझ्या वर्गात रोज दिसतं, आणि त्याला आमच्याकडची आणखी एक गाठ आहे. ती या धाग्यात यायला हवी.

आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत असतात. पाचवीला हायस्कूलमध्ये आली की एका सुट्टीच्या अंतराने सगळं इंग्रजीत. सायन्स, हिस्टरी, मॅथ्स, सगळं. मुलं हुशार असतात, दोन-तीन महिन्यांत इंग्रजी उतारा मोठ्याने धडधड वाचायला लागतात. मी विचारते, "कळलं?" वर्ग एका सुरात: "येस टीचर!" आणि इथेच घोळ आहे. वाचता आलं म्हणजे कळलं असं त्यांना खरंच वाटतं, कारण इंग्रजी वाचता येणं हीच त्यांच्यासाठी एवढी मोठी गोष्ट असते. मराठीत धडा वाचताना एखादं वाक्य डोक्यावरून गेलं तर मुलाला टोचतं, तिथे ते थांबतं. इंग्रजीत सगळंच थोडं थोडं धूसर असतं, त्यामुळे नेमकं कुठे कळलं नाही हे टोचतच नाही.

'कळलं का' हा प्रश्न मी वर्गात बंद केलाय. आता विचारते, "घरी आज्जीला हे कसं सांगशील?" आज्जीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे पुस्तकातलं वाक्य तिथे चालत नाही. मराठीत सांगा, कोकणीत सांगा, पण सांगा. एका मुलाला बाष्पीभवनाची व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ होती. आज्जीला सांगायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला थांबून म्हणाला, "टीचर, माका कळूंक ना." मी त्याला शाबासकी दिली. बाकीची मुलं बघतच राहिली, की न कळल्याबद्दल शाबासकी कसली?

मग तोच मुलगा पावसात न वाळणाऱ्या युनिफॉर्मपासून सुरू करून वाऱ्यापर्यंत, उन्हापर्यंत पोचला. व्याख्या त्यानंतर परत इंग्रजीत लिहून घेतली. परीक्षा इंग्रजीतच आहे, तिथे माझा इलाज नाही.

नीज_गोंयकार

हेच तर! ९० मध्ये प्राथमिकला फक्त प्रादेशिक भाषांना अनुदान द्यायचं ठरलं, २०११ मध्ये इंग्रजीलाही दिलं, आणि दोन्ही वेळा कोणाचं भलं झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुळात

संपादक

माध्यमाच्या वादाचे धागे आधीच ढीगभर आहेत, तिकडे जावं. वरचा प्रतिसाद तिथे हलवतो आहोत, एवढा तुकडा संदर्भापुरता ठेवलाय.

वाळवंटी_काठ

टीचर, आज्जीची युक्ती मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार, परवानगी गृहीत धरते!

मास्तरांच्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. न बघता म्हणणं म्हणजे आठवायला लावणं, ते उत्तमच. पण शब्द जसेच्या तसे म्हणता आले की मुलाला आणि मास्तरांना दोघांनाही 'आलं' असं वाटतं. टीचरांच्या मुलाला व्याख्या येतच होती की. एलन मार्कमन यांनी १९७७ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना पत्त्यांचा एक खेळ समजावून सांगितला आणि त्यातला अत्यावश्यक भाग मुद्दाम गाळला. त्या माहितीवर खेळ खेळताच येणार नव्हता. पहिलीच्या मुलांना काही खटकलं नाही. 'कळलं?' 'हो.' प्रत्यक्ष खेळायला बसवल्यावर कुठे त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. नुसतं ऐकून किंवा म्हणून पोकळी दिसत नाही, करायला घेतल्यावर दिसते.

म्हणून नववीच्या मुलीला म्हणून दाखवायला सांगण्यापेक्षा करून दाखवायला सांगा. पेशीची आकृती न बघता काढ आणि नावं दे. ऑस्मोसिस वाचलंय ना, मग मिठात घातलेल्या तोरांना (कोवळ्या कैऱ्यांना) पाणी का सुटतं ते सांग, आणि सुके बेदाणे पाण्यात टाकले तर उलट का होतं तेही. दुसऱ्या प्रश्नावर अडली तर कुठे अडली ते तिला स्वतःलाच दिसतं, तुम्ही काही बोलायची गरज नाही.

साखळीचे_मास्तर

बाई, पटलं. पण एक सांगतो, आधी शब्द यायला हवेत, अर्थ मागाहूनही येतो. हरिपाठ आम्ही अर्थ कळून पाठ नाही केला. पन्नाशीत कळला.

पात्रांव

मास्तर, नववीच्या पोरीला पन्नाशीपर्यंत थांबायला सांगू?

फर्मागुडी_एक्सप्रेस

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलतो.

मॅथ्सबद्दल कोणी काही लिहिलं नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. नववीचा घनफळ-पृष्ठफळाचा धडा घ्या. एका एक्सरसाइजमध्ये सगळी गणितं शंकूची, पुढच्यात सगळी गोलाची. पहिलं गणित सोडवलं की पुढची हाताला लागतात, कारण सूत्र कोणतं हे शोधायचं कामच उरत नाही. दोन पानं सोडवून झाली की 'आलं!' परीक्षेत मात्र गणितावर कोणतं सूत्र ते लिहिलेलं नसतं.

रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये हे मोजलंय, तेही नेमकं घनफळांवरच. एका गटाने एकेका आकाराची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चार आकारांची सरमिसळ. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षेत सलगवाले २० टक्के, सरमिसळवाले ६३. वही तपासणाऱ्या आईवडिलांना सरावाच्या दिवशी कोण हुशार वाटलं असेल सांगा!

मी काय करायचो: आधीच्या धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची आणि रोज त्यातल्या काही काढायच्या. सोडवायच्या आधी फक्त एवढंच लिहायचं की हे कशाचं गणित आहे आणि येईल की नाही. येईल म्हटलं आणि आलं नाही, अशा चिठ्ठ्या वेगळ्या ठेवायच्या. 'येणार नाही' म्हटलेली आणि न आलेली गणितं निरुपद्रवी असतात, त्यांचा अभ्यास आपण करतोच. मार्क खातात त्या 'येईल'वाल्या.

कुर्टीकर

हे शेवटचं वाक्य छापून भिंतीवर लावतो.

मृदंगी

पेडण्याचा. पखवाज वाजवतो, भजनी मंडळात साथ करतो. अभ्यासातलं मला कळत नाही, पण धागा वाचून आमच्या गुरुजींची आठवण झाली, म्हणून लिहितो.

ज्या भूमीत खाप्रुमामा पर्वतकरांचं नाव लयकारीसाठी अजून घेतात, तिथे शिकणाऱ्याला लय सुटली हे दुसऱ्याने सांगावं लागलं तर तो अपमानच. पण नवा शिकणारा वाजवण्यात एवढा गुंग असतो की सम (तालाची पहिली मात्रा) कधी निसटली हे त्याला कळत नाही. बोल बरोबर पडतायत, हात फिरतोय, मग त्याला मस्तच वाटणार. गुरुजी काही बोलायचे नाहीत. हाताने टाळी धरून तोंडाने बोल म्हणायला लावायचे. आधी पढंत, मग हात. टाळी आणि तोंड यांची फारकत झाली की आपली आपल्याला चोरी सापडते. आता आम्ही पोरांना मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावतो, पण लगेच ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर कानाला स्वतःचंच वाजवणं अजून गोड लागत असतं. वाळवंटीताईंनी 'वेळ जाऊ द्या' लिहिलं ते वाचून हसू आलं, आमच्याकडे ते कोणी मोजलेलं नाही, पण करतात सगळे.

आणखी एक. आमच्यात रियाजाला 'एक तास वाजव' म्हणत नाहीत. 'ही परण (बोलांची बांधलेली रचना) दुगुनीत न तुटता वाजव' म्हणतात. तास वाजवून काय होतं, हात दुखतात.

वाळवंटी_काठ

मृदंगी, तुमच्या शेवटच्या दोन ओळींसाठी आम्ही वर्गात एक अख्खा तास घालवतो. बॅरी झिमरमन यांनी स्वतःचा अभ्यास स्वतः चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाचे तीन टप्पे मांडलेत: सुरू करण्याआधी ठरवणं, करताना स्वतःवर लक्ष ठेवणं आणि झाल्यावर जोखून पुढचं ठरवणं. आपल्या मुलांचं 'ठरवणं' म्हणजे भिंतीवरचं टाईमटेबल: ७ ते ८ सायन्स, ८ ते ९ मॅथ्स. आठ वाजले की सायन्स झालं! घड्याळाने झालं. त्याऐवजी 'पचनसंस्थेची आकृती न बघता नावांसकट' असं लिहिलं असतं तर झालं की नाही हे घड्याळाला विचारावं लागलं नसतं.

दोन_मुलांची_आई

सगळं छान आहे, पण एक शंका. माझी थोरली तुमच्या मुलीच्या उलट आहे. तिला सगळं येतं, तरी रात्री अकराला रडते की काहीच येत नाही. तिला हे 'स्वतःला तपास' सांगितलं तर ती दिवसभर तपासतच बसेल. आधीच ती सारखी 'मला विचार, मला विचार' करत मागे लागते आणि एक उत्तर चुकलं की संपलं.

अबोली_म्हापसा

माझ्या भाचीचं अगदी असंच. +१

वाळवंटी_काठ

ताई, शंका रास्त आहे. नुसतं आठवायला बसलं की माणसाला आपण कच्चे आहोत असं वाटतंच, कारण आठवताना अडायला होतं आणि वाचताना होत नाही. कोरियात आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेही दाखवलंय: तीच गोष्ट शिकून-तपासून शिकून-तपासून केली तर सुधारणा होत असतानाही माणसं स्वतःला खरं असतं त्यापेक्षा कमी मार्क देऊ लागतात. म्हणजे तुमच्या थोरलीचा अंदाजही चुकतोच आहे, फक्त दुसऱ्या बाजूला.

नेल्सन आणि नॅरन्स यांनी १९९० मध्ये या सगळ्याचे दोन भाग पाडले. एक बघणं, दुसरं त्यावरून काही ठरवणं. थोरली बघतेय खूप, ठरवत काही नाही. तिला तपासायला कमी लावा, पण प्रत्येक तपासणीनंतर एक निर्णय घ्यायला लावा: हे परत करायचं, हे उद्या टीचरना विचारायचं, हे सोडून द्यायचं. आणि 'सोडून द्यायचं' यात येणाऱ्या गोष्टीच असतात हे तिला सांगा. येणाऱ्या गोष्टी सोडून देता येणं हासुद्धा अभ्यासच आहे. रडणं फार वाढलं, झोप-जेवणावर आलं, तर मात्र हा अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला.

म्हादईकाठची_टीचर

प्रगतिपुस्तकाबद्दल कोणीच बोललं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात आहे की प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःचं मूल्यमापनही करावं आणि सोबत्यांचंही. कल्पना चांगलीच आहे. पण जिथे जिथे मी असे रकाने भरलेले पाहिले, तिथे सगळ्या मुलांचे सगळे चेहरे हसरे. काहींचे तर आईच्या अक्षरात. वर्षाच्या शेवटी एकदा 'मी शास्त्रात कसा आहे' विचारलं तर मूल दुसरं काय लिहिणार? 'काल शिकवलेल्यातलं काय सांगता आलं नाही' असं विचारा, मग हसरा चेहरा काढून भागत नाही.

पात्रांव

टीचर, चाळीस पोरांना रोज विचारणार कधी? पोर्शन कोण संपवणार?

म्हादईकाठची_टीचर

तास संपायच्या आधी अर्धी चिठ्ठी. एकच प्रश्न. मी सगळ्या तपासत नाही, चाळते. अर्ध्या चिठ्ठ्यांत तीच अडचण दिसली की उद्याचा तास तिथून. पोर्शन मागे पडतो थोडा, नाही म्हणत नाही. एप्रिलमध्येच शाळा सुरू झाल्यापासून थोडी सवड मिळते, तीही उकाड्यात.

कुर्टीकर

बऱ्याच दिवसांनी येतोय. तुम्ही सांगितलेलं थोडं थोडं घरात सुरू केलं. चिठ्ठ्यांचा डबा झाला. टेस्टच्या आदल्या रात्री ती प्रत्येक विषयात मार्कांचा अंदाज लिहून ठेवते. आज्जीही कामाला लागली, माझी आई, तिला इंग्रजी येत नाही पण शंका फार येतात! पण पुढे काय झालं ते मी सांगण्यापेक्षा कन्येलाच लिहायचंय म्हणते. खालचा प्रतिसाद माझ्या आयडीवरून तिचा.

कुर्टीकर

नमस्कार काका, काकू, टीचर आणि दादा. बाबांनी माझ्याबद्दल इथे लिहिलंय हे मला कालच कळलं, त्यावर आमचं बोलणं झालंय.

चिठ्ठ्या आवडल्या. दादाने लिहिलंय तसं 'येईल' म्हटलेली चुकतात तेव्हा राग येतो, पण ती पुन्हा चुकत नाहीत. आज्जीला सांगताना जास्त मजा येते. ती 'मग?' 'मग?' करत राहते आणि तिसऱ्या 'मग'ला मला पुस्तक उघडावं लागतं. सोशल सायन्समध्ये माझा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. तिथे गोष्टीसारखं वाचलं जातं म्हणून येतंय असं वाटतं. मॅथ्समध्ये अंदाज आता बराच जवळ येतो.

पण एक गोष्ट बदलावी लागली. सुरुवातीला बाबा रोज रात्री येऊन डबा बघायचे आणि किती चुकल्या विचारायचे. मग मी सोप्या चिठ्ठ्या आधी काढायला लागले आणि अवघड परत आत टाकायला लागले. आता ठरलंय की डबा कोणी उघडायचा नाही, आणि अंदाजाचा कागद टेस्टचे मार्क आल्यावर मीच दाखवायचा. वाटलं तर. तीन रंगांच्या रेघा मी अजून मारते, कारण पान छान दिसतं.

फर्मागुडी_एक्सप्रेस

अवघड चिठ्ठी परत आत टाकणं, ओळखीचं आहे! ती चिठ्ठी काढली की कोपरा दुमडून ठेव, परत आत गेली तरी सापडते.

साखळीचे_मास्तर

कन्ये, आज्जीला माझा नमस्कार सांग. 'मग?' विचारणारा श्रोता मास्तरांनाही मिळत नाही.

दोन_मुलांची_आई

बाळा, तू लिहिलंस ते थोरलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, डबा कोणी उघडायचा नाही हा नियम असेल तर ती करून बघेल. तिला मी अजून 'निर्णय' वगैरे काही सांगितलेलं नाही, डब्यातच तीन कप्पे करून देणार आहे.

पात्रांव

सगळ्यांनी मिळून मला एकटं पाडलंत. तरी माझं म्हणणं तेच: पेपर तसेच राहिले तर ही मुलं वर्षभर नीट शिकतील आणि मार्चमध्ये परत गाईड घोकतील.

म्हादईकाठची_टीचर

पात्रांव, घोकू देत की. ज्याला काय येत नाही हे ठाऊक आहे तो घोकतानाही नेमकं तेवढंच घोकतो, सगळं गाईड नाही.

माझं पुढचं सांगते. चतुर्थीच्या सुट्टीआधी सहावीच्या मुलांना प्रत्येक धड्याचे आपापले प्रश्न काढायला सांगणार आहे, मराठीत किंवा इंग्रजीत, उत्तर स्वतःला येतं की नाही ते मागे लिहून. सुट्टीत घरभर पाहुणे असतात, अभ्यास कोणी करत नाही, त्यामुळे आल्यावर पहिल्या तासाला तेच प्रश्न त्यांच्याच हातात परत देणार. मधे पंधरवडा गेलेला असेल, म्हणजे वाळवंटीताईंची अटही पाळली जाईल. एकच ठरत नाही: मागे लिहिलेलं 'येतं' मी वाचावं की नाही? कन्येच्या नियमाने नको. पण न वाचता कोणाला मदत हवी ते कसं कळणार? ताई, यावर काही सुचतंय का?

वाळवंटी_काठ

मागचं वाचू नका. सोडवून झाल्यावर ज्यांचं 'येतं' खोटं ठरलं त्यांनी फक्त प्रश्न फळ्यावर लिहावा, नाव नको. फळा भरला की तुम्हाला हवं ते मिळालंच, आणि ज्याचा प्रश्न आहे त्याला शेजारी तोच प्रश्न दुसऱ्याच्या अक्षरात दिसेल. सुट्टीनंतर काय झालं ते इथेच लिहा, नवा धागा काढू नका.